वेव्हरचे पेढे

पुण्याहून सुचित्रामावशीचा फोन आला की मोहन आठल्ये तो लगेच उचलायचा नाही. मावशी ऐंशीच्या पुढची, कानानं जरा मंद, पण चौकशीला तरणीताठी. हवापाणी, गुडघे, शेजारच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट हे सगळं यथासांग आटोपलं की ती मूळ पदावर यायची.

"आणि सिद्धेश काय करतो रे सध्या?"

"फुटबॉल खेळतो, मावशी. इथला, अमेरिकन फुटबॉल."

"म्हणजे गोल मारतो?"

"नाही गं. तो बॉल मागे फेकतो."

"मागे? कुणाला?"

"मागे लांब एक जण उभा असतो. सिद्धेशनं वाकायचं आणि दोन पायांमधून बॉल त्याच्या हातात फेकायचा. मग तो मागचा माणूस लाथ मारून बॉल उडवतो."

मावशी म्हणाली, "एवढंच?"

आता या 'एवढंच'ला उत्तर काय द्यायचं? मोहन अमेरिकेत, शॉमबर्गच्या आपल्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभा राही आणि खिडकीतून ड्राइव्हवेकडे बघत बसे. मावशीचं चुकत नव्हतं. काम एवढंच होतं. वाकायचं, मान खाली घालून सगळं जग उलटं बघायचं आणि पंधरा यार्डांवरच्या माणसाच्या बरोब्बर पोटाशी बॉल पोचवायचा, तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत. समोर शंभर-सव्वाशे किलोचा एक गडी अंगावर यायला टपलेलाच असतो. अख्ख्या देशात व्यावसायिक संघ बत्तीस, आणि प्रत्येक संघात हे काम करणारा माणूस एकच. एकदा चांगला माणूस त्या जागी बसला की दहा-दहा वर्षं उठत नाही. आणि त्याचं नाव कुणालाही माहीत नसतं. ते माहीत होतं एकदाच, बॉल चुकीचा गेला तर.

असल्या कामाच्या मागे आठल्यांचा मुलगा लागला तरी कसा, हे आठल्यांनाही धड सांगता आलं नसतं.

सिद्धेश अंगानं वीणाच्या माहेरावर गेला होता. तिचे सगळे भाऊ दारात वाकून घरात येणारे. हायस्कूलमध्ये तो हौसेनं फुटबॉलला गेला, तेव्हा धावण्यात मागे पडला, पकडण्यात मागे पडला. मग कोचनं त्याला कुणालाच नको असलेल्या जागेवर उभा केला, नव्हे, वाकवला. आणि काय योग असेल तो असो, पहिल्याच दिवशी बॉल सुतासारखा सरळ गेला. कोचला 'आठल्ये' म्हणता येईना. तो 'ॲथली' म्हणू लागला, पोरांनी त्याचं 'ॲथलीट' केलं. वर्गातल्या सर्वांत हळू धावणाऱ्या मुलाला ॲथलीट म्हणण्यात त्यांना फार गंमत वाटायची. सिद्धेशलाही वाटायची, हे विशेष.

मग ड्राइव्हवेवर सराव सुरू झाला. सिद्धेश रस्त्याच्या टोकाशी वाकायचा आणि गॅरेजच्या दारासमोर मोहन ओंजळ करून उभा. ऑफिसातून आला की शर्टाच्या बाह्या दुमडून थेट तिथे. खेळ त्याला कळत नव्हता. त्याला फक्त झेलायचं कळायचं, तेही बेताचंच. पहिल्याच महिन्यात डाव्या हाताची करंगळी मोडली आणि वाकडी जुळली, ती कायमची. गॅरेजच्या दाराला पोचे पडले. वीणा खिडकीतून ओरडायची, "अहो, त्या पोराची मान बघा! आणि तुम्ही काय उत्तेजन देताय?" मोहन म्हणायचा, "उत्तेजन नाही देत, झेलतोय फक्त." ते खरंच होतं. मुलाच्या बाबतीत पुढची बरीच वर्षं त्यानं तेवढंच केलं, आणि नंतर तर तेही हातात उरलं नाही.

युनिव्हर्सिटीत सिद्धेशला कुणी बोलावलं नव्हतं. तो आपण होऊन संघाच्या दारात उभा राहिला आणि दोन वर्षांनी आत घेतला गेला. फायनान्सची डिग्री घेतली. मोहनला वाटलं, आता सुटलो. पण एका व्यावसायिक संघानं त्याला उन्हाळ्याच्या शिबिराला बोलावलं. शंभरात नव्वद पोरं अशा शिबिरातून परत येतात, असं सिद्धेशनंच सांगितलं. "आय जस्ट वॉन्ट टू ट्राय, बाबा." असं म्हणणाऱ्या मुलाला नाही म्हणायला जे काळीज लागतं, ते मोहनकडे नव्हतं. त्या दिवसापासून त्याला जगात एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी त्याच्या मुलाला ठेवून घ्यावं.

इथे मोहनच्या एका जुन्या प्रेमाबद्दल सांगायला हवं. त्याचं एका इंग्रजी शब्दावर फार प्रेम होतं. तो शब्द म्हणजे 'वेव्हर'.

इंजिनिअरिंग झाल्यावर मोहनला अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली होती. नुसत्या ॲडमिशननं काही होत नव्हतं, घरची झेप तेवढी नव्हती. तिकडे नाही कळवायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात युनिव्हर्सिटीचं कळवणं आलं, की ट्यूशन वेव्हड, म्हणजे फी माफ. आईला इंग्रजी येत नव्हतं. तिनं तो शब्द मोहनकडून दोनदा म्हणून घेतला आणि कागदाला हळद-कुंकू लावून तो देवापुढे ठेवला. पुढेही त्या शब्दानं मोहनला कधी दगा दिला नाही. एक नावडता कोर्स वेव्ह झाला. व्हिसाच्या वेळी इंटरव्ह्यू वेव्ह झाला. घर घेताना कसलीशी फी वेव्ह झाली. अमेरिकेत कुणी काही वेव्ह केलं की मोहनच्या डोक्यावरचं एक ओझं उतरायचं, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. आठल्यांच्या घरात 'देव पावला' आणि 'वेव्हर मिळाला' हे दोन शब्दप्रयोग शेजारी शेजारी नांदत होते.

तर ऑगस्टचा शेवट आला. सिद्धेशनं फोनवर सांगितलं होतं, "शनिवारी फायनल कट्स आहेत. कट झालो तर झालो. डोन्ट वरी, ओके?"

त्याच शनिवारी महाराष्ट्र मंडळाचा गणपती होता. शाळेचा भाड्यानं घेतलेला हॉल, बास्केटबॉलच्या जाळीखाली मखर, झब्बे घातलेले काका, नथी सावरणाऱ्या काकू आणि मोबाइलात माना घातलेली मुलं. आरती झाली, जेवणाची रांग लागली. मोहन रांगेत नव्हता. तो एका कोपऱ्यात खांबाला टेकून संघाच्या बातम्या चाळत होता. डोळ्यांत तेल घालून 'कट' हा शब्द शोधत होता. बराच वेळ काहीच नव्हतं. मग एकदम मुलाचं नाव दिसलं. आठल्ये, अगदी बिनचूक स्पेलिंगमध्ये. आणि नावाच्या अलीकडे 'कट' नव्हतं. होतं 'वेव्हड'.

मोहनच्या अंगावर काटा आला. मुलगा नवखा, म्हणजे त्याच्यावर काहीतरी अट असणार, प्रोबेशनसारखी. ती माफ केली. ठेवून घेतलं! यापलीकडे त्या शब्दाचा दुसरा काही अर्थ असू शकतो, हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. शिवेल कसं? तीस वर्षं तो शब्द त्याच्या बाजूनंच उभा होता.

त्यानं सिद्धेशला फोन लावला. उचलला नाही. व्हॉइसमेल लागला, तसा मोहन बोलत सुटला. मग हॉलभर वीणाला शोधलं, तिला सांगितलं, तिनं तिथंच डोळ्यांना पदर लावला. मंडळाचे अध्यक्ष प्रल्हादकाका शेजारीच होते, आणि त्यांच्या हातात माईक होता. प्रल्हादकाकांच्या हातात माईक असणं आणि बातमी गुप्त राहणं या दोन गोष्टी एका हॉलमध्ये कधी घडल्या नव्हत्या.

"मंडळी! आपला सिद्धेश, आपल्या मंडळाच्या बालनाट्यात झाड झालेला सिद्धेश, आज प्रोफेशनल फुटबॉलर झाला! आपला पहिला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी 'गणपती बाप्पा' म्हणून गरजलं. मोहननं गाडी काढली, गॉल्फ रोडवरच्या दुकानातून होते नव्हते तेवढे पेढे उचलून आणले आणि स्वतःच्या हातानं वाटत निघाला. प्रत्येक जण पाठ थोपटत होता. हा माणूस एरवी मंडळात चार खुर्च्या लावून कोपऱ्यात बसणारा. त्या संध्याकाळी तो हॉलच्या मधोमध होता.

पेढ्यांचा खोका प्रल्हादकाकांच्या नातीपुढे आला. अनिका, कॉलेजात शिकणारी, फुटबॉलचं वेड असलेली. तिनं पेढा घेतला नाही. आधी आजूबाजूला पाहिलं, मग मोहनला जरा बाजूला घेतलं.

"मोहनकाका," ती हळूच म्हणाली, "वेव्हड मीन्स... दे लेट हिम गो. म्हणजे, कट. सेम थिंग. आय ॲम सो सॉरी."

मोहननं तिच्याकडे बघितलं, मग खोक्याकडे बघितलं. खोक्यात अजून पुष्कळ पेढे होते. मागून कुणीतरी "मोहनराव, इकडे मिळाले नाहीत हो!" म्हणून हाक मारत होतं. आणि मोहन गेला. त्या रांगेतही त्यानं पेढे वाटले. दुसरं काय करायचं, ते त्याला सुचेना. माईकवर जाऊन 'मंडळी, पेढे परत द्या' असं थोडंच म्हणता येतं?

चार लोकांत झालेली शोभा माणूस कालांतरानं गिळतो. मंडळात वर्षभर कुजबुज झाली, मग ती सरली. पण मोहनच्या घशात अडकला तो व्हॉइसमेल. पोराला सकाळी बॅग भरायला लावून बाहेर काढलेलं, आणि संध्याकाळी बाप फोनवर सांगतोय, अभिनंदन. तो परत घ्यायची काही सोय नव्हती. सिद्धेशनं तो ऐकला असेल का? पुढच्या आठवड्यात तो घरी आला, हसून बोलला, आईच्या हातचं जेवला. मेसेजचं नाव काढलं नाही. मोहननंही काढलं नाही. विचारावं तर पंचाईत, न विचारावं तर रोज तेच मनात.

त्यानंतर मोहननं मुलाला कधी मेसेज ठेवला नाही. फोन उचलला नाही तर मुकाट्यानं बंद करायचा. आपण तोंड उघडलं की काहीतरी भलतंच बाहेर पडतं, अशी त्याला धास्तीच बसली. चौकशीचं खातं वीणाकडे गेलं. ती रोज एकच विचारायची, "जेवलास का?" या प्रश्नात कुठलीही चूक होणं शक्य नव्हतं.

आणि सिद्धेशचं सुरू झालं ते गावोगाव फिरणं. एखाद्या संघाचा फोन यायचा, सोमवारी विमान, मंगळवारी मैदानावर परीक्षा, बुधवारी घरी. कधी उन्हाळाभर ठेवायचे आणि हंगाम तोंडावर आला की सोडायचे. एक वसंतातली छोटी लीग निघाली होती, ती अर्ध्यातच बुडाली. मधल्या काळात तो कुठल्याशा जिममध्ये लोकांना व्यायाम शिकवायचा, गोदामात खोकी उचलायचा आणि तिथल्याच पार्किंगमध्ये भिंतीवर खडूनं गोल काढून बॉल मारत बसायचा. बरोबरीची मंडळातली मुलं क्युपर्टिनोला मोठ्या नोकऱ्यांवर गेली, त्यांची लग्नं झाली, बारशी झाली. प्रत्येक समारंभात मोहनला कुणी ना कुणी विचारायचंच, "सिद्धेश सध्या कुठे असतो?" मोहन म्हणायचा, "असतो इकडे तिकडे." जखमेवर मीठ चोळायचा कुणाचा हेतू नसायचा, आपोआप चोळलं जायचं.

'वेव्हड' हा शब्द या वर्षांत मुलाच्या नावामागे पुन्हा पुन्हा आला. आता मोहनला त्याचा अर्थ पाठ होता. प्रत्येक वेळी तो नंबर लावायचा, दोन रिंगा झाल्या की बंद करायचा आणि फोन परत खिशात टाकायचा.

मग एका थंड गावच्या संघानं सिद्धेशला सरावापुरता ठेवला. म्हणजे आठवडाभर सगळ्यांबरोबर राबायचं, सगळ्यांबरोबर जेवायचं आणि रविवारी सामन्याला खेळाचा पोशाख चढवायचा नाही, कडेला उभं राहायचं. मैदानावर जायचा टकर नावाचा चौतीस वर्षांचा माणूस. मोठा सज्जन. सिद्धेशला त्यानं स्वतःच्या घरात खोली दिली होती, त्याच्या बायकोनं वीणाकडून फोनवर वरण-भाताची कृती लिहून घेतली होती. टकरला काही झालं तरच सिद्धेशला उतरता येणार होतं.

इथून मोहनच्या जिवाचं काही खरं राहिलं नाही. दर रविवारी तो टीव्हीसमोर बसायचा आणि बॉलकडे बघायचाच नाही. तो टकरची पाठ बघायचा. टकर उठताना कमरेवर हात ठेवतो का, लंगडतो का. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं आपण ज्यांना हसतो त्यांच्यातच आपण जाऊन बसलो, हे त्याला कळत होतं. कळत असून नजर हटत नव्हती. एकदा त्यानं न राहवून वीणाला विचारलं, "तू देवापुढे उभी राहतेस, तेव्हा मागतेस काय?"

वीणा वात वळत होती. "त्याला सांभाळ, म्हणते."

"कुणाला?"

"नाव नाही घेत," वीणा म्हणाली. "नाव घेतलं की दुसऱ्या कुणाचं तरी वाईट मागितल्यासारखं होतं."

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी टकर पडला. गुडघ्यावर कुणीतरी आदळलं आणि तो गवतावर पालथा पडून मूठ आपटू लागला. मोहन सोफ्यावरून उठून उभा राहिला होता. त्याच्या तोंडून 'अरे वा'सारखं काहीतरी निघालं. पूर्ण निघालं नाही, पण निघालं. टीव्हीवर टकरची बायको दिसली, तोंडावर हात धरलेली. तीच, वरण-भातवाली. वीणानं मोहनकडे एकदाच पाहिलं आणि ती उठून आत गेली. मोहनला स्वतःची शिसारी आली.

त्याच सामन्यात टकरऐवजी दुसऱ्या जागेवरचा एक आडदांड गडी वाकला आणि त्यानं फेकलेला बॉल मागच्या माणसाच्या डोक्यावरून पार शेवटच्या रेषेपलीकडे गेला. सामना गेला. सुचित्रामावशीच्या 'एवढंच?'चं उत्तर त्या दिवशी सगळ्या देशानं पाहिलं. मावशी तेवढी झोपली होती.

पुढच्या रविवारी सिद्धेश मैदानावर उतरला. त्याला पक्क्या संघात घेतलं होतं. मोहन आणि वीणा गाडी हाकत त्या गावाला गेले. थंडी अशी, की वीणानं साडीवर दोन कोट चढवले होते. स्टेडियमभर हजारो लोक ओरडत होते. सिद्धेश वाकला. मोहनचे हात आपोआप पुढे आले, ओंजळ झाली, वाकड्या करंगळीसकट. बॉल सुतासारखा गेला. सगळ्या माना उडालेल्या बॉलमागे वर वळल्या, आणि बॉल जिथून निघाला तिकडे बघत राहिलेली माणसं दोनच उरली. सिद्धेश उठला, धावत सुटला. त्याचं नाव कुणी पुकारलं नाही. वीणा म्हणाली, "नाव नाही घेतलं, म्हणजे चांगलं झालं ना?" मोहननं मान हलवली.

असे तीन सामने झाले. तिन्हींत एकदाही चूक नाही. मोहनला वाटू लागलं होतं, की हे आता होतंय. आता ठेवून घेतील.

टकरचा गुडघा बरा झाला. मंगळवारी सिद्धेशच्या नावामागे तो शब्द आला.

मोहननं या वेळी फोन मध्येच बंद केला नाही. सिद्धेशनं उचलला. मागे गाडीचा आवाज येत होता.

"पण चूक काय झाली तुझी?" मोहननं विचारलं.

"नथिंग, बाबा."

"मग तू विचारलं नाहीस त्यांना? काहीतरी कारण असेल ना! मी एखादा ईमेल..."

"बाबा," सिद्धेश शांतपणे म्हणाला, "टकर इज बॅक. दॅट्स ऑल. ही इज बेटर."

मोहन जन्मभर ऑफिसात एका गोष्टीवर विसंबून जगला होता, की काम चोख केलं तर माणसाला कुणी हात लावत नाही. आता समोर पोरगा होता, ज्याचं काम चोख होतं, आणि कारण विचारायला जागाच नव्हती. रागवायचं तर कुणावर? टकरवर? टकरनं तर निघताना पोराला मिठी मारली होती. मोहननं अक्षरशः हात टेकले.

त्यानंतर कुठल्याच संघाचा फोन आला नाही. हिवाळा गेला, उन्हाळ्याची शिबिरंही सुरू झाली. सिद्धेशची मान आता डावीकडे पूर्ण वळत नव्हती. एका शनिवारी सकाळी तो गाडीत सगळं सामान भरून घरी आला. एजंटला सांगून आलो, म्हणाला. संपलं. वय एकोणतीस, तीन सामने, आणि संघांचे टी-शर्ट एवढे, की वीणाला कपाटाचा एक कप्पा रिकामा करावा लागला.

वीणा काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि रवा भाजायला घेतला. तिला रडू आलं की ती काहीतरी भाजायला घेते. बाप-लेक ड्राइव्हवेवर गाडी रिकामी करत राहिले. खोके उचलताना सिद्धेशचं लक्ष गॅरेजच्या दाराकडे गेलं. पोचे तसेच होते. मोहननं दार कधी बदललं नव्हतं.

"बाबा," सिद्धेश म्हणाला. एरवी इंग्रजीत बोलणारा मुलगा, पण हे त्यानं मराठीत विचारलं. "परत कधी मेसेज का नाही ठेवलास?"

मोहनच्या हातातला खोका तसाच राहिला.

"कसला मेसेज?"

सिद्धेशनं खिशातून फोन काढला, काहीतरी शोधलं आणि फोन गाडीच्या टपावर ठेवला. त्यातून मोहनचाच आवाज आला, काही वर्षांनी लहान. मागे गणपतीच्या हॉलचा गलबला. "सिद्धेश, मी बाबा बोलतोय. वाचलं मी आत्ता. वेव्हड! अरे, अभिनंदन! मला माहीत होतं, तुझं काम लोकांच्या नजरेत येणारच. आईच्या डोळ्यांत पाणी आलंय. आम्ही इथे पेढे वाटतोय सगळ्यांना. बरं, ठेवतो. जेवून घे."

मोहनला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"तू ऐकलास," तो म्हणाला.

"एअरपोर्टच्या बसमध्ये. मी इतका हसलो, की ड्रायव्हरनं मागे वळून बघितलं. अँड देन आय वॉज नॉट लाफिंग." सिद्धेशनं फोन उचलून घेतला. "ठेवलाय मी तो. दर वेळी काढलं ना, की ऐकतो. बाकी सगळे सॉरी म्हणतात, बाबा. तू एकटाच अभिनंदन म्हणालास."

"मला अर्थच माहीत नव्हता रे!"

"आय नो." सिद्धेश हसला. त्याची मान जेवढी वळत होती तेवढी वळवून त्यानं बापाकडे बघितलं. "मी दर वेळी वाट बघायचो, नवीन येईल म्हणून. तुझा मिस्ड कॉल यायचा फक्त."

एवढं बोलून त्यानं एक खोका खांद्यावर घेतला आणि तो बेसमेंटमधल्या आपल्या जुन्या खोलीकडे उतरून गेला.

मोहन ड्राइव्हवेवर एकटाच उभा राहिला. एवढी वर्षं तो पोराला दुखवू नये म्हणून गप्प बसला होता, आणि पोरगं एका आवाजाची वाट बघत होतं. आता काय बोलायचं? संघ मिळवून देणं त्याच्या हातात नव्हतं, मान सरळ करणं हातात नव्हतं, गेलेली वर्षं तर नव्हतीच नव्हती. त्यानं फोन काढला आणि नंबर लावला. घराखालच्या बेसमेंटमधून रिंग ऐकू आली. वाजत राहिली. सिद्धेश फोनपासून हातभर अंतरावर असणार, पण त्यानं तो उचलला नाही. मुद्दामच उचलला नाही. मग तो ओळखीचा 'बीप' आला.

"सिद्धेश, मी बाबा बोलतोय," मोहन म्हणाला.

आतून रवा भाजल्याचा वास येत होता.

"वाचलं मी. तुला वेव्हड केलं." मोहन दारावरच्या पोच्यांकडे बघत होता. "अभिनंदन. पेढे नाहीत आज. आईनं शिरा केलाय. वर ये, जेवून घे."

मागच्या वेळी शेवटी तो 'ठेवतो' म्हणाला होता. या वेळी ते म्हणणं त्याच्या जिवावर आलं. फोन कानाला लावून तो तसाच उभा राहिला आणि खालच्या जिन्यावर पाऊल वाजतंय का, ते ऐकत राहिला.